सिंगापूरला फ्राइड प्रॉन नूडल्स खायच्या तर कुठे आणि कशा ओळखायच्या

सिंगापूरला येणाऱ्या आपल्या लोकांना चिली क्रॅब आणि चिकन राइस ही नावं पाठ असतात, कोणीतरी रील बघून आलेलं असतं, पण हॉकर सेंटरमधे, म्हणजे एका छपराखाली स्वस्त खाण्याचे बरेच स्टॉल असतात तिथे, जाऊन खायची गोष्ट कुठली असं मला विचाराल तर फ्राइड होक्कियन प्रॉन मी, यातलं 'मी' म्हणजे नूडल्स. कोळंबीच्या रश्श्यात मुरलेल्या नूडल्स. सोपी वाटते पण चांगली मिळणं अवघड, कारण ही डिश करायला वेळ लागतो आणि वेळ वाचवला की लगेच चवीत कळतं.

आधी एक गोंधळ मिटवून टाकू. क्वालालंपूरमधे होक्कियन मी मागितलं तर जाड नूडल्स काळ्या सोया सॉसमधे परतून येतात, पेनांगला मागितलं तर कोळंबीच्या तिखट सूपचा बाऊल येतो. मी सांगतोय ते सिंगापूरचं, फिकट तपकिरी दिसणारं, ना सूप ना कोरडं. जुने लोक याला रोचोर मी म्हणायचे, रोचोर रोडच्या बाजूला चीनच्या फुजियान प्रांतातून आलेले (तिथल्यांनाच होक्कियन म्हणतात) नूडल फॅक्टरीतले कामगार उरलेल्या नूडल्स संध्याकाळी परतून खायचे आणि तिथून सुरू झालं असं सांगतात.

आता ती बनते कशी हे कळलं की निम्मं काम झालं. दोन प्रकारच्या नूडल्स असतात, एक पिवळ्या गव्हाच्या आणि एक पांढऱ्या तांदळाच्या, त्या पांढऱ्या म्हणजे दिसायला आपल्या शिरवाळ्यांसारख्याच. मोठ्या वोकमधे, म्हणजे चिनी कढईत, डुकराची चरबी, अंडं, लसूण, मग नूडल्स चांगल्या परतायच्या, कडा जरा करपल्या पाहिजेत, आणि मग त्यावर पळ्या भरभरून रस्सा ओतायचा. हा रस्सा कोळंबीची डोकी आणि सालं आणि डुकराची हाडं तासन्‌तास उकळून केलेला असतो. मग वर झाकण, बऱ्याचदा मोठं लाकडी. रस्सा आटतो, पुन्हा ओततात, पुन्हा झाकण. शेवटी कोळंबी, माकूळ, पोर्कचे काप, मोड, लसणीची पात. तांदळाच्या नूडल्स रस्सा पितात, पिवळ्या तेवढा पीत नाहीत, त्यामुळे दोन्ही मिळून नीट जमतं.

म्हणून स्टॉल निवडताना पहिली गोष्ट, रांग बघू नका, वोक बघा. खरंच. रांग कधीकधी नुसती टीव्हीवर आल्यामुळे असते, किंवा स्टॉलवाला अंकल एकटाच आहे आणि हळू आहे म्हणून असते. एक मिनिट बाजूला उभं राहून बघायचं, झाकण पडतंय का, रस्सा एकापेक्षा जास्त वेळा ओततोय का. ओतला, दोनदा हलवलं आणि प्लेटमधे काढलं, असं असेल तर पुढे चला, कारण त्या नूडल्सच्या आत काहीच गेलेलं नाही, बाहेरून ओल्या आणि आतून फिक्या लागणार.

दुसरं म्हणजे घाण्याचं टायमिंग. एका घाण्यात बऱ्याच प्लेट निघतात, हे चुकीचं नाही, चांगले जुने स्टॉलसुद्धा असंच करतात आणि मोठ्या घाण्याला चव जास्त येते असं माझं मत आहे. पण घाणा झाला की लगेच संपला पाहिजे. दुपारी तीनला जाल, गिऱ्हाईक नाही, वोकच्या कडेला डोंगर करून ठेवलाय आणि तुमची ऑर्डर आली की त्यातलाच थोडा घेऊन पळीभर रस्सा टाकून गरम करून देतोय, तर पिवळ्या नूडल्स फुगून मऊ झालेल्या असतात. जेवणाच्या वेळेला जा, थोडी रांग असू दे, आणि तुमच्या पुढच्या माणसापाशी घाणा संपला तर वैतागू नका, ते तुमचं नशीब, पुढचा ताजा घाणा तुमचा.

प्लेट समोर आली की बघायचं काय. आपल्याकडे भाजीला अंगाबरोबर रस म्हणतो ना, तेवढाच पाहिजे. प्लेट वाकडी केली आणि एका बाजूला पाणी जमलं तर रस्सा मुरला नाही. काही स्टॉल मुद्दाम लपथपीत करतात, ते वेगळं, तिथे तो रस दाटसर आणि नूडल्सना धरून असतो, पाण्यासारखा पळत नाही. कोरडी आवडणारे आणि ओली आवडणारे असे दोन पक्ष इथे आहेत आणि ते भांडतात, मी ओल्या पक्षात. वास घेऊन बघा, पिवळ्या नूडल्सना खारासारखा उग्र वास येत असेल तर त्या नीट परतल्या नाहीत. चरबीचे छोटे कुरकुरीत तुकडे असतील तर उत्तम. कोळंबी मोठी आहे का याला मी फार महत्त्व देत नाही, चव रश्श्यात असते, मोठी कोळंबी म्हणजे बऱ्याचदा नुसती मोठी किंमत.

बाजूला सांबल, म्हणजे मिरचीची चटणी, आणि एक छोटं हिरवं लिंबू येतं. पहिले दोन घास काही न लावता खा, नाहीतर रस्सा कसा आहे ते कळणारच नाही. मग लिंबू पिळा. सांबल सगळ्यात कालवू नका, प्लेटच्या कडेला ठेवून घासाला थोडं थोडं. आपल्या लोकांना सगळं एकदम कालवायची घाई असते, मग सांबलचीच भाजी खाल्ल्यासारखी होते.

काही ठिकाणी नूडल्स ओपे नावाच्या पानावर वाढतात, ते पोफळीची विरी असते, कोकणातल्या लोकांना लगेच ओळखू येईल. गरम नूडल्सना त्याचा छान वास लागतो. पार्सल न्यायचं असेल तर त्यातच बांधून मागा. पण लांब नेऊ नका, वाटेत सगळा रस शोषला जातो.

ऑर्डर साइजने नाही, किमतीने देतात, म्हणजे सिक्स डॉलर, एट डॉलर असं बोलायचं, साधारण पाच-सहा डॉलरपासून सुरू. अंकल, आंटी म्हणायचं, सगळेच म्हणतात. कॅश जवळ ठेवा. टेबलवर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ते टेबल घेतलेलं आहे, उचलून बाजूला ठेवून बसू नका, तुम्हीही आधी तसंच ठेवून मग रांगेत जा. आणि खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, २०२१ पासून हॉकर सेंटरमधे ते सक्तीचं आहे, पहिल्यांदा ताकीद मिळते आणि नंतर दंड.

पोर्क खात नसाल तर "नो पोर्क" सांगून उपयोग नाही, काप काढून देतील पण रस्सा आणि चरबी तीच. हलाल स्टॉल शोधा, तिथे चिकन आणि कोळंबीच्या रश्श्यात करतात, जरा वेगळी लागते पण वाईट नाही. शाकाहारी लोकांनी नादी लागू नये, सांबलमधेसुद्धा बहुतेक वेळा सुकी कोळंबी असते. त्याच सेंटरमधे बऱ्याचदा इंडियन स्टॉल असतो, घरचे तिथे बसवा.

सुरुवात कुठून करायची तर ओल्ड एअरपोर्ट रोड फूड सेंटर, सर्कल लाइनवर डकोटा किंवा माउंटबॅटन स्टेशनला उतरून चालत. तिथे नाम सिंग नावाचा स्टॉल आहे, बराच जुना. मग टिओंग बारू मार्केटमधे वरच्या मजल्यावर होंग हेंग, याला मिशेलिनच्या बिब गुरमाँ यादीत (माफक दरात चांगलं खाणं देणाऱ्यांची यादी) जागा मिळाली होती त्यामुळे टुरिस्ट येतात, पण सोमवारी त्या मार्केटमधले बरेच स्टॉल बंद असतात. जायच्या आधी सेंटर साफसफाईसाठी बंद नाही ना हेही बघा, एनईए, म्हणजे सिंगापूरचं पर्यावरण खातं, तारखा आधी जाहीर करतं, आणि अंकलनी मधेच सुट्टी घेतली तर त्याला इलाज नाही, म्हणून नेहमी असं सेंटर निवडा जिथे दुसराही नूडल्सवाला आहे.

तिसरं चॉम्प चॉम्प, सेरांगून गार्डन्सला. हे संध्याकाळी उघडतं, स्टेशन जवळ नाही, बस किंवा टॅक्सीच करावी लागते. इथला आ हॉक नावाचा स्टॉल बारीक तांदळाच्या नूडल्स वापरतो, कोरड्या पक्षाचा, रस्सा पूर्ण आत गेलेला. चार जण असाल तर एकच मोठी प्लेट घ्या, कारण शेजारीच सांबल लावून भाजलेला पाकट मासा आणि साटे, म्हणजे काडीला लावून भाजलेलं मांस, मिळतं, आणि उसाचा रस भल्यामोठ्या मगमधे देतात, तो आधीच सांगून ठेवा.