ओपन इलेक्टिव्ह निवडायचाय? आधी टाइमटेबल बघा

नवीन शैक्षणिक धोरणात मेजर म्हणजे मुख्य विषयासोबत बाहेरचा एक विषय घ्यावा लागते, तोच ओपन इलेक्टिव्ह. नागपूर विद्यापीठाच्या कॉलेजांमधे याबद्दल पोरापोरींना विचारलं की दोन टाइपची उत्तरं येतात. एक गट म्हणतो मस्त आहे, बीएस्सी करता करता अर्थशास्त्र नाहीतर मराठी शिकता येते. दुसरा म्हणतो चॉइस कागदावर आहे बे, वर्ग तर ज्याला सर मिळाले त्याच विषयाचा भरून राहिला. मला विचाराल तर दोघंही खरं बोलतात, म्हणून फॉर्म भरायच्या आधी डिपार्टमेंटला जाऊन सरळ विचारा की यावर्षी कोणता विषय खरंच शिकवणार आहात आणि तो मेजरच्या प्रॅक्टिकलच्या वेळेवर तर येत नाही ना. ओपन इलेक्टिव्ह आपल्या मेजरच्या फॅकल्टीबाहेरचाच घ्यावा लागते, म्हणजे सायन्सवाल्याला दुपारची लॅब सोडून कॉमर्सच्या वर्गात पळावं लागू शकते, हे लोकांना जुलैमधे नाही, सप्टेंबरमधे समजते.

आता स्वतः शिकायचं म्हणजे स्वयम-एनपीटीईएलचे कोर्स. स्वयम हा सरकारचा ऑनलाइन कोर्सचा प्लॅटफॉर्म, आणि त्यावरचे आयआयटीवाल्यांचे कोर्स म्हणजे एनपीटीईएल. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानं सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करता येतात, पण कॉलेजची मंजुरी आधी लेखी घ्या, नाहीतर सर्टिफिकेट येईल आणि क्रेडिट, म्हणजे डिग्रीत मोजले जाणारे श्रेयांक, राहतील बाजूला. एनपीटीईएलचा १२ आठवड्यांचा कोर्स ३ क्रेडिटचा असते, असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ मार्क, आणि दर आठवड्याच्या अशा १२ असाइनमेंटमधून बेस्ट ८ धरतात. इथेच घोळ होते, पोरं म्हणतात आठच लागतात ना, मग पहिले चार सोडू, आणि पाचव्याला व्हिडिओच समजत नाही कारण मागचं काही पाहिलंच नसते!

त्यापेक्षा पहिल्या आठवड्यापासून एक दिवस पक्का करा. घरी होत नसेल तर धरमपेठ, बर्डीकडे अभ्यासिका आहेत, फोन बॅगेत टाकून दोन तास बसा, व्हिडिओ दीडच्या स्पीडवर, बाजूला वही, जिथे अडलं तिथे मिनिट-सेकंद लिहून ठेवा म्हणजे सरांना नेमकं विचारता येते. तोच कोर्स घेतलेले दोघं-तिघं शोधा. सगळे म्हणतात आम्हाला स्वातंत्र्य पायजे, पण डेडलाइनची आठवण करून देणारं कोणीतरी पण पायजेच असते, त्यात लाज काय.

डिग्री मधेच सोडायची असेल तर पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा मिळते, त्यासाठी ४ क्रेडिटचा स्किल कोर्स नाहीतर इंटर्नशिप वेगळी करावी लागते. घरच्यांना हे आधीच समजावून सांगा, बाबांना तर "शिक्षण सोडलं" एवढंच ऐकू येते.

आणि एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे क्रेडिटचं खातं) आयडी डिजिलॉकरवर काढून घ्या, क्रेडिट त्याच खात्यात जमा होतात. आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव सारखं आहे का बघा, स्पेलिंगमधे एक अक्षर इकडेतिकडे असेल तर दुरुस्तीचा अर्ज याच आठवड्यात टाका.