टॅलीत कुणाला काय दिसावं: युजरचे हक्क लावायची रीत

बेळगावात रविवार पेठेतली होलसेल पेढी घ्या नाहीतर उद्यमबागेतलं फाउंड्रीचं ऑफिस; मालक, दिवाणजी आणि काउंटरवरचा पोरगा टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच पासवर्डनं शिरतात. "माणसं घरचीच आहेत, वेगवेगळं कशाला?" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. बिल कुणी फिरवलं हे विचारायची वेळ आली की घरच्या माणसांतच जास्त वाजतं.

बॅकअप घ्या. टॅली प्राइममध्ये ऑल्ट-के दाबून कंपनी 'अल्टर'ला घ्या, 'कंट्रोल युजर ॲक्सेस टू कंपनी डेटा'ला 'येस' करा आणि ॲडमिनिस्ट्रेटर मालकाच्या नावानं करा. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड विसरला तर परत मिळत नाही. कागदावर लिहून तिजोरीत ठेवा, मॉनिटरला चिकटवू नका.

खरी डोकेफोड 'युजर रोल्स'मध्ये, म्हणजे कुठल्या कामाच्या माणसाला काय हक्क ते ठरवताना. मीही इथंच बरेच दिवस अडकलो होतो. नवा रोल करताना मूळ हक्क कुणाचे घ्यायचे ते टॅली विचारते: 'ओनर' की 'डेटा एंट्री'? बहुतेकजण 'ओनर' घेतात आणि 'डिसअलाऊ'च्या यादीत एकेक रिपोर्ट बंद करत बसतात. हे अजिबात करू नका, ती यादी कधी पुरी होत नाही. मालकाला नफा झाकायचा असतो, म्हणून प्रॉफिट अँड लॉस आणि बॅलन्स शीट बंद होतात. पण रेशो ॲनालिसिसमध्ये नफ्याची टक्केवारी तशीच असते. स्टॉक समरीत कॉन्फिगर केलं की मालागणिक ग्रॉस प्रॉफिट दिसतो. तेही बंद केलं आणि खरेदीचं रजिस्टर उघडं राहिलं, तर हिशोब तोंडीसुद्धा होतो.

म्हणून उलटं चला. 'डेटा एंट्री' धरा आणि लागेल तेवढंच 'अलाऊ'मध्ये घाला. काउंटरवाल्याला विक्रीचं बिल, जमेची पावती आणि गिऱ्हाइकाची बाकी सांगण्यापुरतं लेजर, म्हणजे त्याचं खातं. बस्स. "असू दे, कधीतरी लागेल" म्हणून काही जोडू नका. लागलं तर तो मागेल.

याच पडद्यावर मागच्या तारखेच्या एंट्रीला लगाम घालता येतो. काउंटरला एक-दोन दिवसांपेक्षा जास्त सूट नको. दर महिन्याला भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जातं. ते गेलं की कट-ऑफ तारीख, म्हणजे जिच्या मागं एंट्री करता येत नाही ती, पुढं सरकवा, नाहीतर भरलेल्या महिन्यातलं बिल कुणीतरी 'जरा दुरुस्त' करतो आणि सीएंचा फोन तुम्हाला येतो.

'युजर्स अँड पासवर्ड्स'मध्ये प्रत्येकाचं नाव घालून रोल जोडा.

आता पोराच्या नावानं स्वतः आत शिरा. ऑल्ट-जी दाबून झाकलेल्या प्रत्येक रिपोर्टचं नाव टाइप करून बघा. मेनूत दिसत नाही म्हणजे उघडत नाही, असं धरून चालू नका. जे उघडलं ते 'डिसअलाऊ'मध्ये टाका. यादी आता चार ओळींचीच राहते.

प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांना तर पळवाट नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठली नोंद कधी बदलली याचा माग राहायलाच हवा. सगळे मालकाच्या नावानं शिरत असतील तर प्रत्येक बदलापुढं मालकाचंच नाव उमटणार.

माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा पासवर्ड बदला, आणि त्याचं नाव नव्या माणसाला वापरायला देऊ नका. निपाणीकडं तंबाखूच्या वखारीत हंगामापुरता कारकून ठेवतात, त्यालाही स्वतःचा युजर हवाच.