तांब्याच्या पेंडंटसाठी फोटोचं रेषाचित्र: आधी काय काय तयार हवं

पद्धत अशी: फोटोचं रेषाचित्र लेझर प्रिंटरवर छापायचं, त्याचा टोनर (प्रिंटरची भुकटी शाई) इस्त्रीने तांब्यावर उतरवायचा आणि उघडं राहिलेलं तांबं फेरिक क्लोराइडच्या द्रावणात झिजवायचं. कॉम्प्युटर सुरू करण्याआधी कागद, पट्टी आणि कात्री घ्या. पेंडंट केवढं हवं तेवढा कागद कापा, दोऱ्यात ओवून गळ्यात घाला आणि आरशासमोर उभ्या राहा. माझं माप बहुतेक वेळा 3 सेंटिमीटरवर येऊन थांबतं. हे माप पक्कं झाल्याशिवाय फोटोला हात लावू नका. आजोळच्या अंगणातलं तुळशी वृंदावन करायला घेतलं तेव्हा मी उलट केलं होतं. स्क्रीनभर फोटो घेऊन चौथऱ्याचा चिरा न् चिरा रेखला, पानं रेखली, आणि तांब्यावर त्याचा नुसता काळपट डाग उमटला. 3 सेंटिमीटरमध्ये जी रेष तग धरते तेवढीच आपली.

फोटो स्वतः काढलेला हवा. दुसऱ्याचा असेल तर परवानगी घ्या, रेषाचित्र केलं तरी मूळ काम त्याचंच असतं. उजेड बाजूने यायला हवा, म्हणून सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. डोक्यावरच्या उन्हात आणि फ्लॅशमध्ये कडा सपाट होतात, कोनाड्याची खोली हरवते. मागे झाडी असेल तर कुणाला तरी पांढरी चादर धरून उभं करा. पुढे तासभर खोडायचं वाचतं.

आता सॉफ्टवेअर. गिंप मोफत मिळतं आणि या कामाला पुरेसं आहे. फोटो कापून घ्या, डिसॅच्युरेट करून रंग काढा, त्या थराची (लेयरची) प्रत करा, प्रत इन्व्हर्ट करा, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, आणि तिचा मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळण्याची पद्धत, डॉज ठेवा. चित्र जवळजवळ पांढरं होईल, घाबरू नका. वरच्या थराला गॉशियन ब्लर (धूसरपणा) द्यायला लागलात की कडा पेन्सिलीने काढल्यासारख्या वर येतात. ब्लर कमी तर रेषा बारीक, जास्त तर जाड आणि सावल्यांसकट. मग थर एकत्र करून थ्रेशोल्ड लावा, म्हणजे करडं काही उरणार नाही. तांब्याला करडं कळत नाही. झिजायचं की राहायचं, एवढंच कळतं.

इथे थांबायचा मोह होतो, पण खरं काम इथून सुरू होतं. यंत्राला उजेडातला फरक दिसतो, वृंदावन दिसत नाही. भिंतीवरचा ओघळ आणि कोनाड्याची कमान त्याच्या लेखी सारखीच. म्हणून त्यावर नवा कोरा थर घ्या आणि हाताने गिरवा. वृंदावन कशाने ओळखू येतं ते आधी स्वतःला विचारा. माझं उत्तर होतं: पायऱ्यांचा चौथरा, पणतीचा कोनाडा आणि वर झुकलेली एक मंजिरी. पानं सहा-सातच ठेवली. आजीची पणती फोटोत नव्हती, ती मी मुद्दाम काढली. 600 डीपीआयला, म्हणजे एका इंचात 600 ठिपके धरले तर, एका मिलिमीटरमध्ये साधारण 24 पिक्सेल येतात. माझी सर्वांत बारीक रेष 0.4 मिलिमीटर, म्हणजे नऊ-दहा पिक्सेल. दोन रेषांमध्येही निदान तेवढीच जागा सोडा, कारण द्रावण खाली खातं तसं बाजूलाही खातं.

मग काळं-पांढरं नीट तपासा, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. टोनर तांब्याला झाकतो. काळं तिथे धातू राहतो, पांढरं तिथे झिजतो. रेषा खोलगट हव्या असतील तर चित्र उलटं, म्हणजे काळ्यावर पांढरं हवं. शिवाय छाप पालथी पडते, म्हणून छापण्याआधी चित्र आडवं फिरवून आरशातल्यासारखं करा. अक्षर असेल तर हे विसरणं फार महागात पडतं.

प्रिंट लेझरचीच हवी, इंकजेटची शाई उतरत नाही. झेरॉक्सवाल्याकडे जाताना गुळगुळीत कागद सोबत न्या, तो चालेल का ते आधी विचारा, टोनर वाचवायचा मोड बंद करायला सांगा आणि ‘पानात बसवा’ हा पर्यायही, नाहीतर माप बदलतं. एका पानावर आठ-दहा प्रती घ्या. पहिली छाप क्वचितच स्वच्छ उतरते.

बाकी सामान थोडक्यात: 20 गेज जाडीचा तांब्याचा पत्रा, बारीक पॉलिश पेपर, वाफ बंद ठेवलेली इस्त्री, पाठ झाकायला पॅकिंग टेप, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं फेरिक क्लोराइड, प्लास्टिकचा डबा, हातमोजे, डोळे झाकणारा सुरक्षा चष्मा. स्टीलचं भांडं मुळीच नको. काम हवेशीर जागी, स्वयंपाकघरापासून लांब. वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. त्यात तांबं विरघळलेलं असतं, ते पाण्यातल्या जिवांना मारतं आणि धातूचे पाइपही खातं. झाकणाची प्लास्टिकची बाटली, वर ठळक चिठ्ठी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी जागा, हे आधीच ठरवा. रेषा काळ्या करायच्या तर एक अंडं उकडायला ठेवा. पेंडंट गरम बलकासोबत पिशवीत बंद केलं की गंधकाने तांबं काळवंडतं, मग वरचा भाग घासून उजळायचा.

शेवटी आठ-दहा प्रतींतली एक कापा, त्याच दोऱ्याला अडकवा आणि कुणाला तरी समोर दोन हातांवर उभं करून काय दिसतं ते विचारा. माझ्या आईने ‘अंगण’ म्हटलं, तेव्हा मी इस्त्री तापत ठेवली.