बंद पडलेल्या टीव्ही गेमच्या डब्यात रास्पबेरी पाय बसवताना

नव्वदच्या दशकात घरोघरी आलेले लिटल मास्टर वगैरे टीव्ही गेम म्हणजे निन्टेंडोने १९८३ साली जपानात काढलेल्या फॅमिकॉमच्या नकला. इंदूरात दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून असा एखादा डबा हमखास खाली येतो आणि कबाड्याकडे जातो. तो डबा, ते रिमोट आणि ती खटकन बसणारी बटणं तशीच ठेवून आत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’) घालून इम्युलेशनचं, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करून गेम चालवणारं, नवं यंत्र कसं बसवायचं, ते इथे सांगितलं आहे. आत बोर्ड टाकणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. खरी मेहनत जुना स्विच, जुना रीसेट आणि जुने रिमोट पूर्वीसारखे चालवण्यात आहे. ते जमणार नसेल तर डबा कापण्यात अर्थ नाही, बाजारातली तयार केस घ्या.

आधी एक तपासणी. डबा खरंच मेला आहे का? बहुतेक वेळा ॲडॉप्टर गेलेला असतो, नाहीतर आतला ७८०५ रेग्युलेटर, म्हणजे ९ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा तीन पायांचा पार्ट. ९ व्होल्टचा ॲडॉप्टर लावा आणि ७८०५ च्या मधल्या व बाहेरच्या, म्हणजे आउटपुटच्या पायावर मल्टिमीटर धरा. ५ व्होल्ट येत नसतील तर रेग्युलेटर बदला. हा पार्ट महाराणी रोडवर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळीत मिळतो. ५ व्होल्ट येत असूनही दोन-तीन कॅसेट लावून पडदा काळाच राहिला, तर बोर्डावरच्या काळ्या डांबरी थेंबाखालची चिप गेली असं समजा. ती दुरुस्त होत नाही. असाच डबा या कामाला घ्या. चालता डबा फोडू नका.

सामान असं लागेल: रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू एक, ३२ जीबीचं चांगल्या कंपनीचं मायक्रो एसडी कार्ड एक, ५ व्होल्टवर चालणारा ३२यू४ चिपचा प्रो मायक्रो बोर्ड एक (जुन्या रिमोटची बटणं यूएसबीवरून पायला कळवायला), मायक्रो यूएसबी ओटीजी केबल एक, प्रो मायक्रोची डेटा केबल एक, मिनी एचडीएमआयपासून पॅनलवर बसणाऱ्या एचडीएमआय सॉकेटपर्यंतची साधारण ३० सेंमी केबल एक, पॅनलवर बसणारं यूएसबी-सी सॉकेट एक, ३३० ओहमचा रेझिस्टर एक, १ किलोओहमचे चार, २२ आणि २६ गेजची वायर, एम२.५ चे नट-बोल्ट आणि प्लास्टिकचे स्पेसर चार-चार. मोबाइल दुरुस्तीची अवजारं आणि केबली जेल रोडवर मिळतील, कानस आणि हॅक्सॉ ब्लेड सियागंजात. पाय आणि प्रो मायक्रो मात्र ऑनलाइन मागवलेलेच बरे.

मोठा रास्पबेरी पाय ४ का नको? ८-बिट, १६-बिट आणि पहिल्या प्लेस्टेशनपर्यंतचे गेम झीरो २ डब्ल्यू आरामात चालवतो. तो ६५ × ३० मिमीचा असल्यामुळे कुठल्याही डब्यात मावतो आणि तापतोही कमी. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण मे महिन्यात इंदूरच्या खोलीत ४० अंशांच्या आसपास तापमान असतं आणि बंद डब्यात ते आणखी चढतं. ८० अंशांच्या पुढे प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो आणि गेमचा आवाज तुटायला लागतो. छोटा हीटसिंक लावा, डब्याच्या तळाला आणि मागच्या बाजूला ५-६ मिमीची आठ-दहा भोकं पाडा. पंख्याची गरज पडत नाही.

आता डबा उघडा. जुना मुख्य बोर्ड फेकू नका. पॉवरचा स्विच, रीसेटचं बटण आणि बहुतेक डब्यांत रिमोटची सॉकेटंसुद्धा त्याच बोर्डावर बसवलेली असतात आणि झाकणाच्या भोकांशी नेमकी जुळतात. तेच पार्ट सुटे काढून हॉट ग्लूने चिकटवले, की चार दिवसांत बटण आत ढकललं जातं. त्याऐवजी त्या पार्टांभोवतीचा बोर्डाचा तुकडा स्क्रूच्या भोकांसकट हॅक्सॉ ब्लेडने कापून घ्या आणि मूळच्याच जागी स्क्रूने बसवा. हा तपकिरी बोर्ड ठिसूळ असतो. कटरने चावत गेलात तर तडा थेट स्विचच्या पायांपर्यंत जातो. ब्लेड हळू, एकाच दिशेने चालवा, तोंडाला मास्क बांधा. मग स्विचच्या पायांपासून निघणारे तांब्याचे पट्टे कटरच्या पात्याने तोडा, म्हणजे जुन्या सर्किटचा काही संबंध उरणार नाही.

मागची ९ व्होल्टची डीसी पिन मात्र काढूनच टाका. ती जागेवर ठेवून तिलाच ५ व्होल्ट जोडायचा मोह होतो. पुढे कधीतरी घरातलं कुणीतरी जुना ॲडॉप्टर शोधून काढतं, तिथे खुपसतं आणि पाय जळतो. काही ॲडॉप्टरांत तर आतली पिन ऋण असते, म्हणजे व्होल्टेज जास्त आणि शिवाय उलटं. त्या भोकाला कानस मारून यूएसबी-सी सॉकेट बसवा. सॉकेट घेताना पाहा: त्याच्या सीसी१ आणि सीसी२ या पिनांवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर हवेत. फक्त दोन वायरींचं स्वस्त सॉकेट सी-टू-सी केबलवर वीजच देत नाही, कारण समोर कुणी आहे हे चार्जरला कळत नाही. माणूस मग पाय खराब निघाला म्हणून डोकं धरून बसतो.

सॉकेटपासून २२ गेजची लाल वायर पायच्या २ नंबरच्या पिनला, काळी ६ नंबरच्या पिनला. चार्जर ५ व्होल्ट २.५ अँपिअरचा हवा. गेम चालू असताना या दोन पिनांवर ४.८ पेक्षा कमी व्होल्टेज दिसलं तर दोष बहुधा वायरीचा किंवा केबलचा असतो.

जुना स्विच खटक्याने एका बाजूला बसून राहणारा असतो, आणि इंटरनेटवरच्या बहुतेक कृती दाबून सुटणाऱ्या बटणासाठी लिहिलेल्या आहेत. घोळ इथेच होतो. स्विचच्या, ऑन केल्यावर एकमेकांना जोडल्या जाणाऱ्या दोन पायांपासून एक वायर ५ नंबरच्या पिनला न्या, म्हणजे जीपीआयओ ३ ला (जीपीआयओ म्हणजे सॉफ्टवेअरला वाचता-चालवता येणारी पिन), आणि दुसरी ९ नंबरच्या ग्राउंडला. मग कार्डावरच्या कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउन हे ओव्हरले, म्हणजे पिनवरून यंत्र बंद करणारी सेटिंग, टाका: पिन ३, ॲक्टिव्ह-लो शून्य, पुल अप. ॲक्टिव्ह-लो मुळात १ असतो. तो तसाच ठेवला तर पिन ग्राउंडला लागताच, म्हणजे स्विच ऑन करताच, यंत्र बंद व्हायला लागतं. शून्य केल्यावर स्विच ऑफ केला की पिन वर जाते आणि यंत्र नीट बंद होतं. पुन्हा ऑन केला की हीच पिन झोपलेल्या पायला जागं करते. भिंतीवरचं बटण पहिल्यांदा दाबताना डब्याचा स्विच ऑन बाजूला ठेवा, कारण वीज आली की पाय स्विचकडे न बघता सुरू होतोच.

पुढचा लाल दिवा ८ नंबरच्या पिनवरून ३३० ओहममधून १४ नंबरच्या ग्राउंडला जोडा आणि कॉन्फिगमध्ये यूएआर्ट, म्हणजे याच पिनवरचं सिरियल पोर्ट, चालू करा. यंत्र चालू असेतो दिवा लागतो, पूर्ण बंद झालं की विझतो. विझल्याशिवाय भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही, हे घरच्या पोरांना सांगून ठेवा. कार्ड खराब होण्याचं पहिलं कारण तेच.

रिमोट. या नकलांच्या नऊ पिनी रिमोटात पाच वायरी कामाच्या: ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच (बटणांची स्थिती टिपून ठेवायला सांगणारी), क्लॉक (पुढचं बटण मागणारी) आणि डेटा (उत्तर आणणारी). सर्वसाधारण जोडणीत २ डेटा, ३ लॅच, ४ क्लॉक, ६ पाच व्होल्ट आणि ८ ग्राउंड अशी असते, पण बनवणाऱ्यागणिक फरक पडतो, म्हणून विश्वास ठेवू नका. बोर्ड कापण्याआधीच मल्टिमीटरच्या बीपवर तपासा. ७८०५ च्या मधल्या पायाशी बीप वाजतो ती पिन ग्राउंड, आउटपुटच्या पायाशी वाजतो ती ५ व्होल्ट. उरलेल्या तीन पिनांपैकी जी दोन्ही सॉकेटांत एकमेकींशी जोडलेली सापडेल ती लॅच, कारण मूळ रचनेत लॅच दोघांना सामाईक असतो, क्लॉक आणि डेटा वेगवेगळे. शेवटच्या दोन आलटून-पालटून पाहा. क्लॉक आणि डेटाच्या चारही वायरींत १ किलोओहमचा रेझिस्टर घातला असला, की उलटं लागलं तरी काही जळत नाही. सॉकेट तसंच दिसतं म्हणून सेगा मेगा ड्राइव्हचा रिमोट इथे लावू नका, त्याची जोडणी वेगळी आहे.

प्रो मायक्रोचा लॅच आणि क्लॉक दोन्ही रिमोटांना सामाईक दिला तरी चालतं, डेटा मात्र वेगळ्या पिनांवर घ्या आणि त्या पिनांचा आतला पुल-अप, म्हणजे काही जोडलेलं नसताना पिन वर ओढून धरणारा रेझिस्टर, चालू ठेवा. नाहीतर रिमोट काढलेला असताना सगळी बटणं दाबल्यासारखी दिसतात. प्रो मायक्रोच्या प्रोग्रॅममध्ये बटणं वाचण्याची रीत अशी: लॅच १२ मायक्रोसेकंद वर ठेवून खाली आणा, पहिलं बटण वाचा, मग क्लॉकचा एकेक ठोका देत पुढची सात. क्रम ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. दाबलेलं बटण शून्य येतं. टर्बोची बटणं रिमोटातच ए-बी फडफडवतात, त्यांच्यासाठी वेगळं काही करायचं नाही. रीसेटचं बटण प्रो मायक्रोच्या एका पिनला जोडा आणि ते दाबलं की आधी सिलेक्ट, ५० मिलिसेकंदांनी स्टार्ट, असा संदेश जाऊ द्या. रेट्रोपाय या जुने गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याच जोडीने गेममधून बाहेर पडता येतं.

एका प्रो मायक्रोवर दोन जॉयस्टिक बनवल्या, की लिनक्सला कधीकधी एकच दिसते आणि दोघे खेळाडू एकाच माणसाला पळवतात. प्रो मायक्रोचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक एलएस-यूएसबी या आज्ञेने पाहा आणि सीएमडीलाइन फाइलमध्ये त्याच ओळीत, एक जागा सोडून, यूएसबी-एचआयडी क्वर्क्समध्ये तो क्रमांक ०एक्स४० या किमतीसह टाका. नवी ओळ करू नका.

बंदूक असेल तर ती शोभेलाच ठेवा. ती चाप ओढताच जुन्या काचेच्या ट्यूबच्या टीव्हीवर क्षणभर उमटणाऱ्या पांढऱ्या चौकोनाचा उजेड ओळखून चालते, एलसीडीवर चालत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये फार वेळ जात नाही. रेट्रोपाय ४.८ ची झीरो २ डब्ल्यूसाठीची इमेज कार्डावर लिहा. बूट विभागात वायफायची माहिती आणि एसएसएच नावाची रिकामी फाइल टाकून ठेवा, म्हणजे वायफायवरून दुसऱ्या संगणकातून आज्ञा देता येतील, कारण डेटाचं एकमेव पोर्ट प्रो मायक्रोने अडवलेलं असल्यामुळे कीबोर्ड लावायला जागा नाही. हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतो. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ वर असेल तर दिसणारच नाही. रेट्रोपायसोबत गेम येत नाहीत. स्वतःच्या कॅसेटीतून उतरवा किंवा बनवणाऱ्यांनी मोफत दिलेले घ्या. '९९९९ इन १' च्या कॅसेटीवर वेळ घालवू नका. त्यातले मोजकेच गेम खरे असतात, बाकी सगळी पुनरावृत्ती.

डबा पिवळा पडला असेल तर तो सगळ्यात शेवटी नाही, सगळ्यात आधी साफ करा, भोकं पाडण्याच्याही आधी. स्टिकर काढा, ब्यूटी पार्लरच्या सामानातलं ४० व्हॉल्यूमचं क्रीम डेव्हलपर हातमोजे घालून सारखं लावा, पारदर्शक फिल्ममध्ये गुंडाळा आणि उन्हात ठेवा. अर्ध्या-अर्ध्या तासाने फिरवत राहा आणि क्रीम वाळू देऊ नका. वाळलं तिथे पांढरे पट्टे उमटतात आणि ते जात नाहीत. मेच्या दुपारी गच्चीच्या तापलेल्या फरशीवर पातळ झाकण सरळ ठेवलं तर वाकू शकतं. खाली लाकडी पाट घाला किंवा सकाळच्या उन्हात काम उरका.

झाकण लावण्याआधी एचडीएमआयची केबल स्क्रूच्या खांबाखाली दबत नाही ना, ते बघा. जोडल्यावर उडी उशिरा लागते असं वाटलं तर टीव्हीच्या मेनूत गेम मोड चालू करा. बहुतेक वेळा उशीर टीव्हीचाच असतो. सगळं सुरळीत चाललं, की कार्डाची एक प्रत संगणकावर काढून ठेवा, म्हणजे पावसाळ्यात वीज गेली आणि कार्ड बिघडलं तरी अर्ध्या तासात यंत्र पुन्हा उभं राहील.