जुन्या बाइकचा कार्बोरेटर उघडताय? या चुका टाळा

पाऊस ओसरला की मुंबईत चाळींच्या जिन्याखालून आणि सोसायट्यांच्या पार्किंगमधून ताडपत्र्या निघायला लागतात. चार महिने उभी असलेली आरडी, येझदी, आरएक्स 100 किंवा बुलेट बाहेर येते. वीस-पंचवीस किका मारल्यावर चालू होते, पण चोक सोडला की बंद पडते. मग त्याच संध्याकाळी कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतो, आणि कार्बोरेटरचं, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचं, खरं नुकसान बहुतेक वेळा तिथून सुरू होतं.

माझ्याकडे 1986 ची राजदूत 350 आहे, म्हणजे आपली आरडी. दोन सिलिंडर, दोन मिकुनी बनावटीचे कार्बोरेटर, थोडक्यात कार्ब. एका कार्बचा भाग दुसऱ्याशेजारी ठेवून ताडून बघता येतो, त्यामुळे या गाडीने मला पुष्कळ शिकवलं. खालचं बहुतेक सगळं मिकुनीच्या स्लाइड कार्बबद्दल आहे, म्हणजे ज्यात मूठ फिरवली की आतली दट्ट्यासारखी स्लाइड वर-खाली होते. आरएक्स आणि जुन्या बुलेटवाल्यांनाही ते लागू पडेल.

लक्षण न ओळखताच उघडणं

आधी प्लग काढून बघा, ठिणगी बघा, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची गॅप मोजा, पेट्रोल कॉकमधून धार नीट पडते का बघा. ठिणगीच्या सर्किटमधला कंडेन्सर गेलेला असताना कार्ब तीनदा साफ केलेली माणसं मी पाहिली आहेत. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचं ऑइल सील गेलं तरी गाडी हवा खेचते आणि कार्ब खराब असल्यासारखीच वागते.

मग थ्रॉटलच्या मुठीवर टेप लावून शून्य, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. गाडी नेमकी कोणत्या खुणेवर अडखळते ते लक्षात ठेवा. कार्बमधले जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे. आयडलला आणि थोड्याशा थ्रॉटलला पायलट जेट पेट्रोल पुरवतो. त्याच्या वर पावापर्यंत स्लाइडच्या कापाचा प्रभाव असतो, पाव ते पाऊण स्लाइडला लटकलेल्या सुईचं राज्य, आणि त्यापुढे मेन जेट. चोक सोडला की बंद पडणारी गाडी पायलटची तक्रार करत असते, नाहीतर कुठून तरी जास्तीची हवा घेत असते. वर रेस दिल्यावर दम सोडत असेल तर मेन जेट बघा. पण त्याआधी टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बघा, ते बुजलं तरी हेच होतं. थंड गाडी अजिबात उठत नाही आणि एकदा गरम झाली की झकास चालते, असं असेल तर दोष स्टार्टरच्या, म्हणजे चोकच्या पेट्रोलच्या, वाटेत आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

चुकीचा स्क्रूड्रायव्हर, आणि हातोडी

जपानी कार्बचे स्क्रू दिसायला आपल्या नेहमीच्या फुलीसारखे असले तरी ते जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही. जोर दिला की वर सरकतो आणि डोकं गोल करून टाकतो. नागदेवीच्या हत्यारांच्या दुकानांत विचारून जेआयएस ड्रायव्हर घ्या. स्क्रू अडला असेल तर रात्रभर पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, ड्रायव्हर खाचेत उभा धरून वरून हलकी टिचकी मारा आणि मग फिरवा.

माझी सर्वांत महागडी चूक फ्लोटच्या, म्हणजे कार्बच्या वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाच्या, पिनेची. पीन जाम होती आणि मी तिच्यावर हातोडी मारली. कार्बची बॉडी ओतीव मिश्रधातूची असते, ती वाकत नाही, तुटते. पिनेचा खांब मुळापासून गेला आणि चांगला कार्ब भंगारात निघाला. तेव्हापासून पीन कोणत्या बाजूने बाहेर येते ते आधी बघतो, ज्या खांबावर दाब येणार त्याला मागून आधार देतो आणि बारीक पंचाने फक्त ढकलतो. नाही हलली तर ऑइल आणि आणखी एक दिवस.

जेटमध्ये तार घालणं

ही चूक सगळ्यांत जास्त होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जेट पितळेचा, मऊ. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बरंच बारीक असतं. त्यात क्लच केबलीची तार, सुई किंवा सेफ्टी पीन फिरवली की कचरा निघतो खरा, पण भोकही मोठं होतं. व्यास फक्त दहा टक्के वाढला तर क्षेत्रफळ 21 टक्क्यांनी वाढतं. जेटवरचा आकडा तोच राहतो, जेट मात्र तो राहत नाही. त्यानंतर गाडी धूर का काढते, प्लग काळा का पडतो, हे शोधण्यात महिने जातात.

जेट उजेडासमोर धरा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. नसेल तर रात्रभर कार्ब क्लीनरमध्ये बुडवा आणि सकाळी हवा मारा. तरीही बंद असेल तर नायलॉनच्या ब्रशचा एखादा केस चालेल, धातू नको. एवढं करूनही उघडला नाही तर त्याच आकड्याचा चांगल्या बनावटीचा नवा जेट घ्या.

वाटेल त्यात बुडवणं

कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. लिंबू, व्हिनेगर, कोल्ड्रिंक यांनी बॉडी वरून चकाचक दिसते, पण आम्ल धातूची कातडी काढतं. थिनरमध्ये किंवा कार्ब क्लीनरमध्ये बुडवण्याआधी प्रत्येक रबर, ओ-रिंग आणि प्लास्टिकचा भाग काढून ठेवा. पायलटची हवा कमी-जास्त करणाऱ्या एअर स्क्रूच्या टोकाची इवलीशी ओ-रिंग तर हमखास आतच राहते. चष्मा घाला, कारण स्प्रे एका भोकातून मारला की दुसऱ्यातून थेट डोळ्यात येतो. आणि हे काम घरात करू नका. स्वयंपाकघराला लागून असलेली गॅलरीही नको. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, आणि आत गॅस किंवा देवापुढची निरांजन पेटलेली असते.

वरून स्वच्छ म्हणजे आतून स्वच्छ असं नाही. एअर स्क्रू काढून त्या भोकात स्प्रे मारा आणि कार्बच्या घशात, स्लाइडच्या अगदी जवळ असलेल्या दोन बारीक भोकांतून धार येते का बघा. एक भोक बोटाने दाबून दुसरं तपासा. दोन्हींतून आली तरच पायलटची वाट मोकळी आहे.

आता स्टार्टर. बऱ्याच मिकुनींमध्ये फ्लोटच्या वाटीत कडेला एक खोल विहीर असते आणि वरच्या बॉडीतून येणारी पितळी नळी त्या विहिरीत उतरते. विहिरीच्या तळाशी एक सूक्ष्म छिद्र असतं, तेच बुजतं. जुन्या पेट्रोलचा चिकट थर नेमका तळाशी बसतो आणि वाटी फडक्याने पुसणाऱ्याला ते छिद्र दिसतही नाही. ‘थंड असताना उठत नाही’ म्हणणाऱ्या गाड्यांमध्ये मी आता सगळ्यात आधी तिथे हवा मारतो.

किटमधलं सगळं बसवणं

ऑपेरा हाउसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला रिपेअर किट सहज मिळतं. त्यातलं पॅकिंग आणि ओ-रिंगा घ्या. जेट आणि सुई मात्र डोळे झाकून बदलू नका. स्वस्त किटमधल्या जेटचा आकडा आणि भोक यांचा मेळ बसेलच असं नाही. चाळीस वर्षांचा मूळ जेट तारेपासून वाचलेला असेल तर तोच जास्त भरवशाचा. वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोट नीडलच्या टोकावर गोल वळ उमटला असेल तर ती मात्र नवी घ्याच, नाहीतर ओव्हरफ्लो थांबणार नाही.

फ्लोटची पातळी अंदाजाने ठरवणं

कार्ब पूर्ण उलटा करून मोजलं तर फ्लोटचं वजन नीडलमधली स्प्रिंग दाबतं आणि माप चुकतं. कार्ब तिरका धरा, फ्लोटची जीभ नीडलच्या पिनेला नुसती टेकेल तिथे थांबा आणि मग मोजा. माप तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलंच वापरा. दोन कार्ब असतील तर दोन्हींची पातळी सारखी हवी, नाहीतर एक सिलिंडर कायम उपाशी राहतो.

घाईत जोडणं

स्लाइडचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे हवा. उलटी बसवली तर गाडी चालू होताच रेस वर जाऊन तिथेच राहू शकते. किक मारण्याआधी मूठ फिरवून सोडा. स्लाइड ‘टक’ करून खाली पडली पाहिजे. सुईची क्लिप वरच्या खाचेत नेली की सुई खाली जाते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, खालच्या खाचेत नेली की जाड. हे पुष्कळ जण उलटं लक्षात ठेवतात. टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रणाने पिस्टन सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो, म्हणून इथे शंका राहू देऊ नका. एअर स्क्रू आत फिरवला की मिश्रण जाड होतं. तो हलकेच टेकेपर्यंत आत न्या, आवळू नका, आणि मग मॅन्युअलमधले फेरे मोजून बाहेर काढा.

आरडीवर फिल्टर काढून दोन्ही घशांत एकेक बोट ठेवा आणि कोणाला तरी मूठ हळूच फिरवायला सांगा. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. केबल जुळवल्यावर ऑइल पंपाच्या पुलीवरची खूणही पुन्हा बघा. पंप त्याच मुठीवर चालतो. तो मागे राहिला तर कार्ब उत्तम असूनही इंजिनाला तेल कमी पडेल.

कार्ब आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला बोटाने वाकवून भेगा शोधा. गाडीच्या वयाचं रबर वरून चांगलं दिसतं, पण वाकवलं की चिरा उघडतात.

टाकी विसरणं

कार्बवर दोन रविवार घालवायचे आणि गंजलेल्या टाकीखाली तो परत लावायचा, म्हणजे आठवड्यात पुन्हा तेच. टाकी आणि कॉकची जाळी आधी साफ करा, मगच कार्ब चढवा. 2025 साली देशात पेट्रोलमधलं इथेनॉल 20 टक्क्यांवर पोहोचलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्याला पाण्याची कमी नाही. वाटीत दिसणारी पांढरी भुकटी आणि पितळेवरचा हिरवा थर तिथूनच येतो. जुनी रबरंही त्यात फुगतात, म्हणून ओ-रिंगा शक्यतो व्हिटॉनच्या, म्हणजे इंधन सोसणाऱ्या रबराच्या, घ्या.

मी आता मे संपता संपता कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, मग दोन्ही वाट्यांचे ड्रेन स्क्रू उघडून उरलेलं पेट्रोल बाटलीत काढतो. पावसाळ्यानंतर पहिली चाचणी पहाटे, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर. सी लिंक आणि कोस्टल रोड दुचाकींना बंदच आहेत. घरी आल्यावर इंजिन गार होऊ देतो, कार्बच्या क्लॅम्पना पुन्हा एकदा पाना लावतो आणि दोन्ही प्लग काढून कागदावर शेजारी शेजारी ठेवतो. दोघांचा रंग चॉकलेटी आणि सारखा आला की ताडपत्री घडी करून माळ्यावर जाते.