1885 च्या पुण्यातलं नाटक बसवताय? कपडेपटाचं असं करा

स्पर्धेचा सीझन आला की हमखास विचारणा होते, जुन्या काळातलं नाटक आहे, बजेट नाही, कपडे आणायचे कुठून. आणायचं नंतर बघू, आधी संहिता आणि एक वही घेऊन बसा. उभ्या रांगेत पात्रं, आडव्या रांगेत प्रवेश, आणि प्रत्येक चौकटीत अंगावर काय आहे आणि पुढच्या एन्ट्रीआधी विंगेत किती वेळ मिळतो ते लिहा. हा वेळ फार महत्त्वाचा, कारण ज्या नटीला जेमतेम मिनिटभर मिळतं तिला शिवलेली नऊवारी द्यावीच लागते, बाकी सगळ्यांना खरी नेसवा. नेसलेल्या लुगड्यात बाई खाली बसते, उठते, पदर खोचते ते वेगळंच दिसतं, शिवलेल्यात ते येत नाही.

संदर्भासाठी सिरियल बघू नका प्लीज. जुने कौटुंबिक फोटो बघा, चित्रकार म. वि. धुरंधरांची चित्रं बघा, चोळीची गाठ कुठे आहे, पगडी कपाळावर किती खाली आहे हे तिथे नीट कळतं. चोळी पुढे गाठ मारायची, मागे हुक असलेला ब्लाउज नको. पुरुषांना घरात धोतर-उपरणं किंवा बाराबंदी, बाहेर निघताना अंगरखा आणि पगडी. पगडी भाड्याने घ्या पण डोक्याचं माप देऊन, नाहीतर नट सगळा प्रयोग मान ताठ ठेवून काढतो.

आता आलवण, म्हणजे विधवेचं लुगडं, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. केशवपन केलेली ब्राह्मण विधवा दाखवायची तर पांढरी साडी नको. तिला लाल आलवण असायचं, बिनकाठाचं, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, आत चोळी नाही, कुंकू नाही, बांगड्या नाहीत. तयार मिळालं नाही तर मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड घ्या, साधारण आठ मीटर, पन्हा 45 इंच मिळाला तर उत्तम. आधी गरम पाण्यात धुवून खळ पूर्ण काढा, खळ राहिली तर रंग डागाडागाने बसतो. मग मोठ्या पातेल्यात रंग, मीठ घालून, सतत ढवळत. त्याच रंगात एक बिनबाह्यांचा ब्लाउजही बुडवा, नटीला तो आतून घालता येतो, ती निर्धास्त राहते आणि प्रेक्षकाला तो दिसत नाही. रंग किंचित विटका हवा म्हणून दोन-तीनदा धुवून उन्हात टाका. त्या बाईकडे दुसरं लुगडं फारसं नसणार, ते कापडावर दिसायलाच हवं.

आणि हे कापड शिवायच्या किंवा नेसवायच्या आधी लाइटवाल्याला दाखवा. निळ्या लाइटखाली लाल रंग काळा पडतो, रात्रीच्या प्रवेशात आलवण काळं दिसलं तर सगळा अर्थच गेला. त्याला थोडा साधा पिवळट लाइट मिसळायला सांगा. उलट कोरं पांढरं धोतर लाइटमध्ये इतकं चमकतं की चेहऱ्याकडे लक्षच जात नाही, ते चहाच्या पाण्यातून काढा.

वेल्क्रो शक्यतो टाळा, शांत प्रवेशात विंगेतून तो चर्रर्र आवाज चौथ्या रांगेपर्यंत जातो. टिचबटणं लावा. अंगरख्याच्या शिवणीत दोन इंच माया ठेवा, नट बदलला तर उसवून वाढवता येतो.

सगळ्यात कळकळीचं म्हणजे रंगीत तालमीची वाट बघू नका. पहिल्या आठवड्यापासून मुलींना तालमीत जुनं लुगडं आणि मुलांना धोतर नेसायला लावा, जीन्सवर बसवलेली चाल शेवटच्या दिवशी बदलत नाही. कासोटा सुटतोय का, पायरी चढताना निऱ्या पायात येतात का, हे तेव्हाच कळतं आणि दिग्दर्शकाला हालचाली बदलायला वेळ मिळतो. प्रयोगाच्या दिवशी कपडेपटाच्या पेटीत सुई-दोरा, पिना, नाडी, जास्तीची टिचबटणं आणि नथीची दुसरी जोड ठेवा, आणि प्रत्येक पात्राचं वेगळं गाठोडं करून त्यावर नाव आणि प्रवेश लिहून चिकटवा.