टेलिपोर्टेशनने जावं का? वही-पेन्सिल घेऊन ठरवायची रीत

आधी दोन गावं निवडा. मुंबई-लंडनने सुरुवात करू नका. वाई आणि महाबळेश्वर घ्या. मी साताऱ्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि टेलिपोर्टेशनचा विषय निघाला की मुलांकडून हा हिशेब करून घेते. वही, पेन्सिल आणि मोबाइलमधला नकाशा एवढं पुरतं. गृहीत एकच धरायचं: यंत्र तुम्हाला इथून उचलून क्षणात तिथे ठेवतं, मधली वाट नाही, पण ऊर्जा आणि वेगाचे नियम त्यालाही चुकत नाहीत.

पहिला हिशेब उंचीचा. वाईपासून महाबळेश्वर सुमारे ६५० मीटर उंच आहे. पसरणी घाटात ही उंची डिझेलच्या जोरावर चढतो, पायी गेलात तर पोटातल्या भाकरीच्या. टेलिपोर्टेशनमध्ये ती ऊर्जा द्यायची कोणी? यंत्राने दिली नाही तर ती तुमच्या अंगातल्या उष्णतेतून वजा होणार. गुरुत्वत्वरण ९.८ गुणिले उंची, भागिले शरीराची विशिष्ट उष्णता, म्हणजे किलोमागे आणि अंशामागे साधारण ३,५०० ज्यूल. वजन दोन्ही बाजूंना येतं आणि कटतं, त्यामुळे पैलवान असो की पोर, उत्तर तेच: दर १०० मीटरला ०.२८ अंश सेल्सिअस. वाईहून महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत १.८ अंश गेले. सदतीसचे पस्तीस पॉइंट दोन झाले, आणि पस्तीसच्या खाली शरीर गारठल्याची धोक्याची अवस्था सुरू होते. उलट वाटेने खाली याल तर एकोणचाळीसच्या जवळ ताप.

यावर तोडगा आहे. ती ऊर्जा यंत्राने बाहेरून पुरवायची. सत्तर किलोच्या माणसाला साडेचार लाख ज्यूलच्या आत-बाहेर, म्हणजे विजेच्या एका युनिटचा आठवा भाग. घाट चढणारी जीप स्वतःचं वजनही ओढते आणि बरंचसं इंधन नुसतं तापण्यात घालवते. तेव्हा ऊर्जेच्या रकान्यात टेलिपोर्टेशनला पूर्ण गुण द्या. ज्याचे गुण त्याला मिळालेच पाहिजेत.

दुसरा हिशेब वेगाचा. हा सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि बहुतेकांना तो सुचतही नाही. आपण स्टँडवर उभे असतो तेव्हाही पृथ्वीबरोबर पूर्वेकडे धावत असतो. विषुववृत्तावर हा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर, साताऱ्याच्या अक्षांशावर १,५९०. दुसऱ्या गावी अवचित ठेवलं गेलात तरी अंगातला वेग साताऱ्याचाच राहणार. वेगाचा आकडा गावागणिक थोडाच बदलतो, पण पृथ्वी गोल असल्यामुळे पूर्वेची दिशासुद्धा किंचित वळलेली असते. नकाशावर दोन्ही ठिकाणी बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांश दिसतील. आपल्या भागासाठी सोपा नियम: रेखांशात एका अंशाचा फरक म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटरचा उभा धक्का. पूर्वेला गेलात तर वर फेकले जाता, पश्चिमेला गेलात तर जमिनीवर आपटता.

आता करून बघा. सातारा साधारण ७४.० अंशांवर, सांगली ७४.६ वर. फरक ०.६, धक्का ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट केली की उंची मिळते: सांगलीत पोहोचताच तुम्ही तीन फूट वर उडता. परत येताना तीन फुटांवरून उडी मारल्यासारखे आदळता. तरुण मुलाला चालेल, माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांना नाही. सातारा ते मुंबई सव्वा अंशाच्या जवळपास पश्चिमेला, आणि तो धक्का पहिल्या मजल्यावरून खाली पडण्याइतका. शिवाय सातशे मीटर खाली आल्याचा ताप वेगळा. लंडनला हा सोपा नियम लागू पडत नाही, दोन्ही वेगांची सदिश, म्हणजे दिशाही धरून, वजाबाकी करावी लागते. उत्तर येतं ताशी सोळाशे किलोमीटरच्या वर, आवाजाच्या वेगाहून जास्त. यंत्राने हा वेगसुद्धा जुळवून द्यायला हवा. तो क्षणात जुळवला तर धक्का, हळूहळू जुळवला तर मग तो प्रवासच झाला. (यंत्राने सगळं सांभाळलं तरी झोपेचं वेळापत्रक साताऱ्याचंच राहील, कारण विमानप्रवासानंतर झोप बिघडते ती शरीरातल्या घड्याळामुळे.)

हे दोन हिशेब झाले की माझ्या मनातली जोडी घ्या. माझं माहेर कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडचं. तिथून साताऱ्याला यायचं म्हणजे लाँचने बामणोली, मग गाडीने कासचं पठार ओलांडून खाली. पावसाळ्यात वारा सुटला की लाँच थांबते. रात्री कुणाला साप चावला किंवा बाळंतीण अडली तर काय होतं, हे त्या बाजूच्या प्रत्येक घराला माहीत आहे. बामणोली आणि सातारा यांचा हिशेब मांडा. मधे उंच पठार आहे, पण दोन्ही टोकांच्या उंचीत फार फरक नाही, त्यामुळे अंगाचं तापमान जवळजवळ तेच राहतं. रेखांशातला फरक पाव अंशाच्या आसपास, म्हणजे वीतभरही उडी नाही. जिथे रस्ता सगळ्यात वाकडा, नेमकी तिथेच ही रीत सगळ्यात सौम्य ठरते. म्हणून माझं मत पक्कं आहे: टेलिपोर्टेशन आदर्श असेल तर ते लांबच्या सहलींसाठी नव्हे, जवळच्या पण अडलेल्या वाटांसाठी.

तिसरा हिशेब माहितीचा. यंत्र शरीर उचलून ठेवत नाही, फक्त त्याची माहिती पाठवून पलीकडे ते पुन्हा उभारतं असं धरा. सत्तर किलोच्या शरीरात सुमारे ७ × १०²⁷ अणू असतात. प्रत्येक अणूसाठी फक्त शंभर बिट, म्हणजे शंभर शून्य-एक, एवढी माहिती धरा आणि सेकंदाला एक गिगाबिट, म्हणजे शंभर कोटी बिट, नेणाऱ्या लाइनवरून पाठवा. भागाकार करा: सुमारे बावीस लाख कोटी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं आहे.

प्रयोगशाळेत खरोखर काय झालंय, तेही वहीत लिहा. १९९३ मध्ये चार्ल्स बेनेट आणि सहकाऱ्यांनी क्वांटम टेलिपोर्टेशनची रीत मांडली, १९९७ मध्ये इन्सब्रुकला अँटोन झाइलिंगर यांच्या गटाने ती फोटॉनवर, म्हणजे प्रकाशाच्या कणांवर, करून दाखवली. २०१७ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी तिबेटमधून मिशियस उपग्रहापर्यंत, १,४०० किलोमीटरपर्यंतच्या अंतरावर, हे केल्याचं प्रसिद्ध झालं. पण यात वस्तू जात नाही. जाते ती कणाची अवस्था. ती उतरवून घ्यायला पलीकडे दुसरा कण आधीच हजर लागतो, आणि सोबत साधा निरोपही पाठवावा लागतो, जो प्रकाशापेक्षा वेगाने जात नाही. शिवाय इथली मूळ अवस्था मोडते. १९८२ पासून सिद्ध झालेलं आहे की अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही.

इथून चौथा प्रश्न निघतो आणि त्याला सूत्र नाही. इकडचं शरीर मोडलं, तिकडे वेगळ्या अणूंचं तेच शरीर उभं राहिलं, तर पोहोचलं कोण? ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ मध्ये पृथ्वीवरून मंगळावर असं जाणाऱ्या माणसाचं उदाहरण घेऊन याचा कीस पाडला. त्यांचं म्हणणं असं की तोच माणूस उरला की नाही हे एवढं महत्त्वाचं नाही, आठवणींचा आणि स्वभावाचा धागा पुढे चालू राहिला की झालं. मला हे पटत नाही. माझी आई यंत्रात शिरली आणि पलीकडे तिच्यासारखीच कोणी माझ्याशी बोलू लागली, तर माझं समाधान तिच्या आठवणी जुळण्यावर ठरणार नाही; माझी आई संपली का, हेच मी विचारणार. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा आणि कारणासकट लिहून घ्या.

औषधाच्या बाबतीत मात्र हा प्रश्नच येत नाही. सर्पदंशावरच्या लसीची कुपी मोडून पलीकडे तशीच दुसरी उभी राहिली तर काही बिघडत नाही. पावडरच्या स्वरूपातल्या लसीला बर्फाच्या पेटीचीही गरज नसते. पातळ लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, तेव्हा उंचावर पाठवताना पहिला हिशेब पुन्हा करा: पाण्यासाठी ६५० मीटरला दीड अंश कमी होतो, म्हणजे तीन अंशांवरची कुपी दीडवर येते आणि गोठण्याच्या जवळ सरकते. पाचवर ठेवून पाठवायची.

आता तुमच्या घरातल्या प्रवासांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा: जायला शरीर हवं, वस्तू हवी, की नुसती माहिती चालेल? वारी या यादीत घेऊ नका. लोणंदहून फलटणकडे चालणाऱ्याला चालायचंच असतं. बाकीचं लिहिताना दिसेल की तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी होणाऱ्या कितीतरी खेपा माहितीसाठीच असतात: रिपोर्ट दाखवायचा, सही हवी, डॉक्टरांना औषध बदलायचं का ते विचारायचं. टेलिपोर्टेशनचा हा भाग आजच चालू आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी साताऱ्यातल्या हृदयरोगतज्ज्ञाच्या मोबाइलवर क्षणात दिसू शकतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी या सरकारी सेवेवर डॉक्टरांशी घरून बोलता येतं.

त्यासाठी गावात रेंज लागते. तुमच्या गावात कुठे-कुठे, कोणत्या कंपनीची, दिवसा आणि रात्री किती रेंज येते ते आठवडाभर त्याच वहीत टिपा, आरोग्य उपकेंद्राची जागा वेगळी खूण करून दाखवा, आणि तो तक्ता जोडून पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा असा लेखी अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) द्या. पोच घ्यायला विसरू नका.